इलाहीभाईंची मोजणी

बातमी आली तेव्हा मी मशीनवर होते. समोर एक आजीबाई हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला लावून बसल्या होत्या आणि मी त्यांना हिरव्या फुलीकडं बघा, पापणी लववू नका, असं तिसऱ्यांदा सांगत होते. टेबलावरचा मोबाइल थरथरला. दवाखान्याच्या ग्रुपवर रिसेप्शनच्या मुलीनं टाकलं होतं की इलाहीभाई गेले, सकाळी चहा पिता पिता, हार्ट अटॅकनं. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. मी मोबाइल पालथा घातला, आजींचा डावा डोळा पुरा केला, मग उजवा केला. दोन्ही फोटो चांगले आले. मग बाहेर येऊन पाण्याची बाटली तोंडाला लावली, आणि तेव्हा मनात जो पहिला विचार आला तो इथं लिहायचा की नाही यावर मी पाच आठवडे घालवले आहेत. विचार असा होता की चला, आता मला ज्याच्याशी ताडून बघतील असं कुणी उरलं नाही. रडू आलं, नाही असं नाही. पण ते त्यानंतर आलं.

इलाहीभाई आमच्या सोलापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो काढायचे. साधे फोटो नव्हेत, रक्त वाहतानाचे. हाताच्या शिरेतून एक पिवळं औषध सोडायचं. ते रक्ताबरोबर हृदयात जातं, तिथून मानेतून वर चढतं आणि दहा-पंधरा सेकंदांत डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक बारीक रक्तवाहिन्यांत उतरतं. निळा प्रकाश टाकला की ते चमकायला लागतं, आणि तिथून पुढं भराभर फोटो घ्यायचे. कुठली वाहिनी कधी भरली, कुठं तुंबलं, कुठं झिरपलं, सगळं त्यात दिसतं. औषध हातात शिरल्यापासून डोळ्यात दिसेपर्यंत किती सेकंद गेले, हा आकडा फार महत्त्वाचा. तो फार वाढला तर समजायचं की वाटेत कुठंतरी अडलंय. त्यासाठी मशीनच्या पडद्यावर एक घड्याळ असतं. सिस्टरनं औषध ढकलायला सुरुवात केली की त्याच क्षणी बटण दाबून ते सुरू करायचं. कॅमेऱ्यावर इलाहीभाई असत आणि बटण बहुतेक माझ्याकडं असे, कधी तेच दाबत. पुढचं सगळं या बटणाचंच आहे.

मी डिप्लोमा करून नोकरीला लागले तेव्हा ते तिथं बारा-तेरा वर्षांचे जुने होते. त्यांच्याकडं कसलाही डिप्लोमा नव्हता. नवी पेठेतल्या एका बोळात त्यांच्या मामांचा फोटो स्टुडिओ होता, तिथं त्यांची सगळी विशी डार्करूममध्ये गेली. अंधारात घड्याळ दिसत नाही, म्हणून कागदावर उजेड किती वेळ पाडायचा ते तोंडानं मोजायचं. ती मोजणी त्यांच्या अंगात मुरली. पूर्वी डोळ्याचे फोटो फिल्मवर निघायचे. ती धुवायला आमच्या सरांनी त्यांना बोलावलं. एक दिवस कॅमेऱ्यावरचा माणूस आला नाही म्हणून हे बसले, ते बसलेच. माझ्या पहिल्याच आठवड्यात सरांनी माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि म्हणाले, यांची परीक्षा घे. मी पाठीमागं घड्याळ धरून उभी राहिले. ते फोटो काढता काढता मोजत होते. ते साठ म्हणाले तेव्हा माझ्या घड्याळात साठच होते. सर म्हणाले, "बघितलंस? शिकून घे." ते शब्द मला अजून टोचतात. मी तीन वर्षं शिकूनच आले होते की.

मोजणी नुसती अचूक असती तर मी ती सोसली असती. पण ते पेशंटच्या भाषेत मोजायचे. पूर्व भागातली एखादी तेलुगू आजी आली की ओकटि, रेंडु, मूडु. अक्कलकोटकडचा कुणी आला की कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु. स्वतःच्या माणसांत उर्दू, बाकीच्यांना मराठी. आणि पेशंटलाही मनातल्या मनात बरोबर मोजायला लावायचे. "तुमी चुकला की फोटो बी चुकतो बगा," असं दटावायचे, जे साफ खोटं होतं. शेवटी विचारायचे, "किती झाले?" माणूस शाळेत पहिला आल्यासारखा आकडा सांगायचा. पिवळं औषध अंगात शिरलं की मळमळतं, गरम झाल्यासारखं होतं, घाबरायला होतं. पण मोजणारा माणूस मोजण्यात गुंतलेला असायचा, मान हलायची नाही, फोटो सुरेख यायचे. वर आणखी मस्करी. त्या औषधानं दिवसभर कातडी पिवळी दिसते. इलाहीभाई सत्तरीच्या म्हाताऱ्यांना सांगायचे, हळद लागली आता, संध्याकाळपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. म्हातारे चक्क लाजायचे. माळशिरसहून दोन गाड्या बदलून आलेल्या एक बाई, इलाहीभाई रजेवर आहेत म्हटल्यावर दारातूनच मागं वळल्या. मी म्हटलं, मी आहे की. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तुमी ऱ्हाऊ द्या. मी सोमवारी येते."

मी त्यांना पाण्यात पाहायची, हे आता लपवून काय उपयोग. ते मला मॅडम म्हणायचे, वयानं वीस वर्षांनी मोठे असून, आणि त्या मॅडममध्ये कसलाही टोमणा नव्हता याचाच मला जास्त राग यायचा. टोमणा असता तर भांडता तरी आलं असतं. एकदा ते सुट्टीवर असताना मी म्हटलं, यात काय मोठंसं, कन्नड तर माझ्या घरचं आहे, त्यांनी ते रस्त्यावर उचललेलं. दुधनीच्या एका बाईंना बसवलं आणि मोठ्या ऐटीत ओंदु म्हणून सुरुवात केली. नाल्कुला, म्हणजे चौथ्याच आकड्याला, बाईंनी माझ्या चपलेवर उलटी केली. सिस्टर तोंड फिरवून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी इलाहीभाईंच्या कानावर गेलं असणारच. टेबलाखालचं उलटीचं भांडं त्यांनी तेवढं डावीकडून उजवीकडं सरकवून ठेवलं. पेशंटचा उजवा हात मोकळा असतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आता अप्पांकडं यायला हवं. अप्पा म्हणजे माझे वडील. वळसंगला असतात, भावाकडं. घरात कन्नड, गावात मराठी, आणि दोन्ही भाषांत बोलणं मोजकंच. मला डिप्लोमा मिळाला तेव्हा म्हणाले, बरं झालं. नोकरी लागली तेव्हा म्हणाले, बरं झालं. माझं लग्न ठरलं तेव्हाही बरंच झालं होतं. लहानपणापासून मी त्या माणसाच्या तोंडून तिसरा शब्द निघायची वाट बघत आले आहे. आई गेल्यावर ते आणखी गप्प झाले. मग एक दिवस भावाचा फोन आला की अप्पांच्या डाव्या डोळ्यापुढं मधूनच पडदा ओढल्यासारखं होतंय. मी त्यांना सोलापूरला आणलं. सकाळी उपमा करून घातला, सदऱ्याची बटणं लावून दिली. रिक्षात त्यांना सगळं समजावलं, औषध काय, मशीन काय, आणि फोटो मी काढणार आहे. मला खूप बरं वाटत होतं. अप्पा पहिल्यांदाच मला काम करताना बघणार होते.

खोलीत गेलो तर इलाहीभाईंनी "बर्री अप्पा, कुंड्री" म्हणत खुर्ची पुढं सरकवली. पाच मिनिटांत दोघं असे बोलायला लागले की मधे माझं काही काम उरलं नाही. आई गेल्यापासून अप्पांना रात्रीची झोप लागत नाही, अंगणात येऊन बसून राहतात, हे मला त्या खोलीत कळलं, तेही ते इलाहीभाईंना सांगत होते म्हणून. मी इतके महिने फोनवर विचारत होते, झोप लागते का, तर उत्तर यायचं, हां, लागती. मी पुढं होऊन म्हटलं, अप्पा, सरका जरा, फोटो मी काढते. अप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तू नको," ते म्हणाले. "ह्येंनाच काडू दे की."

इलाहीभाई गडबडले. म्हणाले, मॅडम शिकलेल्या आहेत अप्पा, माझ्यापेक्षा चांगला काढतात. अप्पांनी हनुवटी पट्टीवर टेकवली आणि विषय संपवला. मी माझ्या जागी गेले, बटणाच्या. सिस्टर म्हणाल्या, "सोडते." तो माझा इशारा होता. इलाहीभाई सुरू झाले, ओंदु, एरडु, मूरु... अप्पांनी मोकळा हात लांब करून इलाहीभाईंच्या गुडघ्यावर ठेवला होता आणि त्यांचे ओठ हलत होते. माझं बोट बटणावर होतं. मी बटण दाबलं नाही. पुढं जे सांगायचंय त्यासाठी हे नीट सांगते. मी विसरले नव्हते. मला चक्कर आली नव्हती. मी त्या हाताकडं बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मनात येत होतं की हा माणूस सगळंच घेऊन बसलाय, मोजू दे त्यालाच, माझ्या घड्याळाची गरज कुणाला आहे. हन्नेरडु म्हणजे बारा हे कानावर पडलं तेव्हा मी भानावर आले आणि बटण दाबलं. त्या बटणाचा टक् असा आवाज होतो.

औषध डोळ्यात दिसायला लागलं ते इप्पत्तोंबत्तुला, म्हणजे एकोणतीसला. पडद्यावरच्या घड्याळात सतरा होते. एकोणतिसातून बारा गेले की सतरा, एवढी वजाबाकी मला येत होती. सर आत येईपर्यंत मला बोलायला सवडही होती. मी सिस्टरांना कापूस दिला, अप्पांच्या हाताला चिकटपट्टी लावली, पण तोंड उघडलं नाही. सरांनी फोटो बघितले, म्हणाले, सतरा, वयाच्या मानानं ठीक आहे, त्यांच्या जुन्या साखरेचाच परिणाम दिसतोय, गोळ्या वाढवू आणि तीन महिन्यांनी बघू. ते उठायला लागले तेव्हा इलाहीभाई बोलले.

"सर, सतरा नाहीत. एकोणतीस हायेत. बटण माझ्याकडनं उशिरा दाबलं गेलं."

सर थबकले. इलाहीभाईंनी अप्पांकडं वळून नेहमीचा प्रश्न विचारला, किती झाले? अप्पा पिवळ्या चेहऱ्यानं, मोठ्या अभिमानानं म्हणाले, "इप्पत्तोंबत्तु." सरांना तेवढं कन्नड येत होतं. ते पुन्हा बसले. पुन्हा एकेक फोटो बघितला, दोन्ही डोळ्यांचे शेजारी शेजारी लावून बघितले, आणि मग इलाहीभाईंना पेशंटसमोर, माझ्यासमोर, सिस्टरांसमोर नको नको ते बोलले. इतकी वर्षं झाली, साधं बटण वेळेवर दाबता येत नाही का, एखाद्याच्या जिवाशी खेळ होईल. इलाहीभाई मान खाली घालून ‘हौ सर, चुकलं’ म्हणत होते. सिस्टरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, पण औषध सोडताना त्या सुईकडं बघत होत्या, त्यांनाही खात्री नव्हती. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते. त्याच संध्याकाळी मानेची तपासणी झाली आणि अप्पांच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बुजलेली निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं. डावा डोळा फारसा वाचला नाही, पण अप्पा वाचले. सर नंतर म्हणाले, तीन महिने थांबलो असतो तर यांना लकवा झाल्यावरच आपल्याला कळलं असतं.

इलाहीभाईंनी तो विषय पुन्हा कधीही काढला नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी फक्त विचारलं, अप्पा कसे हायेत? मी म्हटलं, बरे आहेत. मला वाटलं होतं, आता तरी माझं पोट दुखायचं थांबेल. उलट ते वाढलं. ज्यानं आपल्याला झाकून घेतलं त्याच्या शेजारी रोज आठ तास बसायचं म्हणजे काय असतं, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. एवढं चांगलं असायची गरज काय होती? एकदा जरी म्हणाले असते, मॅडम, त्या दिवशी काय झालं होतं, तर मी रडून मोकळी झाले असते. इकडं अप्पांचं वेगळंच सुरू झालं. दर महिन्याला वळसंगहून डबा यायचा, कडक भाकरी, शेंगाची चटणी, हुरड्याच्या दिवसांत हुरडा. डबा माझ्याकडं यायचा आणि मी तो इलाहीभाईंना नेऊन द्यायची. "लई ग्वाड माणूस हाय त्यो," अप्पा फोनवर म्हणायचे. तिसरा शब्द निघाला होता. माझ्यासाठी नव्हता एवढंच.

शिवाय त्या बटणाचा फायदा मलाच झाला, हेही लिहून टाकते. सरांनी ठरवलं की यापुढं घड्याळ फक्त मी सांभाळायचं, कारण मी शिकलेली. पुढं नवं मशीन घ्यायचं ठरलं, ज्यात औषधच लागत नाही. प्रकाश एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरतो. जे जागचं हललं नाही ते मशीन सोडून देतं, जे हललं ते रक्त, आणि त्यातून वाहिन्यांचा अख्खा नकाशा काढतं. सुई नाही, उलटी नाही, हळद नाही. त्याच्या प्रशिक्षणाला हैदराबादला कुणाला पाठवायचं असा प्रश्न आला तेव्हा सर मला म्हणाले, इलाहीभाईंचं आता वय झालं, आणि मागं ते बटणाचं... तू जा. तेव्हाही मला बोलता आलं असतं. मी नवी बॅग विकत घेतली आणि हैदराबादला गेले.

परत आल्यावर माझी खोली वेगळी झाली, एसीची. जुन्या मशीनवरचे पेशंट कमी होत होत आठवड्याला दोन-चारावर आले. कुठं झिरपतंय ते बघायला अजूनही औषधच लागतं, तेवढ्यापुरते. मधल्या वेळात इलाहीभाई आपल्या कॅमेऱ्याची काच मऊ कापडानं पुसत बसलेले दिसायचे. काच आधीच स्वच्छ असायची. त्या दिवसांत मी किती खूश होते हे आठवलं की आज मला माझ्या जवळ बसावंसं वाटत नाही. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. सरांनी शाल दिली, भाषणात त्यांच्या मोजणीचं कौतुक केलं, आणि मीही टाळ्या वाजवल्या.

शेवटची भेट ते वारायच्या तीन आठवडे आधीची. ते पेशंट म्हणून आले होते. त्यांना साखर होती, हे एवढ्या वर्षांत मला माहीत नव्हतं. म्हणाले, मॅडम, माझा काढा की एकदा तुमच्या मशीनवर. त्यांनी हनुवटी टेकवली, कपाळ लावलं. मी हिरव्या फुलीकडं बघायला सांगितलं. ते अगदी निश्चल बसले, पापणी लवली नाही. असा पेशंट मला आजवर मिळालेला नाही. मशीन थांबलं तेव्हा त्यांनी सवयीनं विचारलं, "किती झाले?"

मी म्हटलं, याला मोजावं लागत नाही इलाहीभाई.

"मग तेवढा वेळ माणूस करतो काय?"

गप्प बसतो, मी म्हटलं. ते हसले. मग पडद्यावर स्वतःचा फोटो बघितला. जिथं दाट जाळं असायला हवं तिथं काळे रिकामे तुकडे होते. मला सांगावं लागलं नाही. बोटानं दाखवून म्हणाले, "हितनं रक्त जायचं बंद झालंय की." मग अप्पांची चौकशी केली, ते डोळा नीट उघडा ठेवतात का, त्रास देतात का. मी सांगितलं, नाही, पण या मशीनवरही त्यांचे ओठ हलतात, किती सांगितलं तरी मोजतातच. इलाहीभाईंना इतका आनंद झाला की मला पुन्हा तीच जुनी कळ आली, इतक्या वर्षांनीसुद्धा. ते दारात वाकून बूट घालत होते. आत्ता सांगावं, असं मनात आलं. मी म्हटलं, "इलाहीभाई..." त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, चहा घेणार का? म्हणाले, नक्को मॅडम, उशीर होतो. आणि गेले.

ते वारल्यानंतर सहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. अप्पा वळसंगहून आले होते, मी नको म्हणत असताना. इलाहीभाईंच्या बायको, भाभी, इद्दतमध्ये होत्या, नवरा गेल्यावरच्या चार महिन्यांच्या एकांतात, बाहेरच्या पुरुषांसमोर येत नव्हत्या. अप्पा पुढच्या खोलीत इलाहीभाईंच्या मुलांजवळ बसले, मी पडद्याच्या आत बायकांत. भाभींनी माझं नाव विचारलं, दवाखान्यातलं काम विचारलं, आणि मग माझा हात हातात घेतला. "वो बटनवाली तुमीच क्या?" त्यांनी विचारलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. घरी सांगितलं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, चला, हा माणूसही कुठंतरी माझ्याबद्दल वाईट बोलला होता. मला जवळजवळ हायसं वाटलं. पण भाभी पुढं बोलत होत्या.

"ये बोलते थे मेरेकू, बाप सामने था ना, उस बच्ची का हात काप्या. बाप के वास्ते डर गई बिचारी. बटन देर से दब्या. बोले, साब उसकू डांटते, बाप के सामने, मय बोल दिया मेरी गलती."

त्या दिवशी इलाहीभाई कॅमेऱ्याला डोळा लावून बसले होते, त्यांना माझा हात दिसला नव्हता. बटणाचा टक् मात्र ऐकू आला असणार, बाराव्या आकड्याला. ज्याचा हात भीतीनं कापतो तो बारा सेकंद थांबतो का? सेकंदाचा हिशोब ज्याच्या हाडात होता त्याला हे समजलं नसेल, असं मला वाटत नाही. की खरंच त्यांनी माझ्याबद्दल फक्त चांगलाच विचार केला... हे आता मला कुणीच सांगू शकणार नाही. मी भाभींचा हात तसाच धरून बसले. पडदा कापडाचा होता, आणि पलीकडं मुलांजवळ अप्पा बसलेले होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

परत येताना रिक्षात अप्पा माझ्या शेजारी होते. नवी पेठेच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा त्यांनी माझा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि त्यावर आपला हात ठेवला. असं त्यांनी कधी केलेलं मला आठवत नाही. मग म्हणाले, "हात कापला व्हय तुजा?"

मी म्हटलं, "हो."

"येडी," अप्पा म्हणाले. स्टँड येईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. आयुष्यभर जे मागत होते ते मला मिळालं, आणि तेही इलाहीभाईंनी दिलेलं, आणि खोट्यावर मिळालेलं. त्या रिक्षात मला सुखही झालं, हे सांगितलं नाही तर हा लेखही खोटा होईल. नंतरच्या महिनाभरात अप्पांचे दोनदा फोन आले, आपणहून. जेवलीस का, विचारलं. मी दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर इलाहीभाईंवर जळले. मेलेल्या माणसावर.

अप्पांना आता एका डोळ्यानं वाचवत नाही. रविवारची पुरवणी माझा भाऊ त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो, अंगणात, बाजेवर बसून. हाही लेख वाचून दाखवेल, माझं नाव बघून तर नक्कीच. म्हणून इथंच सांगते. अप्पा, माझा हात कापला नव्हता. तुम्ही ‘तू नको’ म्हणालात, आणि मी रागानं बटण दाबलं नाही. तुमचा जीव इलाहीभाईंच्या मोजणीनं वाचला, आणि बोलणी त्यांनी माझ्या वाट्याची खाल्ली. सर, तुम्हीही हे वाचाल. हैदराबादला जायचा हक्क त्यांचा होता.

जुनी खोली अजून तशीच आहे. औषधाचे जे थोडे पेशंट असतात ते आता मीच करते, बटण सिस्टर दाबतात आणि मी कॅमेऱ्याशी बसून मोजते, ज्याच्या त्याच्या भाषेत, जमेल तसं. तेलुगूत वीसनंतर अडखळते. परवा पूर्व भागातल्या एका आजींनी मला मधेच दुरुस्त केलं आणि विचारलं, ते मोजणारे कुठं गेले? पुढच्या महिन्यात अप्पांची तपासणी आहे. ती नव्या मशीनवर, जिथं मोजायचं काही कारण नाही. ते हनुवटी टेकवतील, मी हिरव्या फुलीकडं बघायला सांगेन, आणि मशीन सुरू करून त्यांच्या ओठांकडं बघेन. या वेळी ते हलतील की नाही, मला माहीत नाही. मी मात्र ओंदुपासून सुरुवात करणार आहे.